मुस्तफा ते आर्थर मॉर्गन

गल्लीतल्या पार्लरमध्ये मुस्तफा मेला, की कुणालाही वाईट वाटत नसे. पडद्यावर उलटे आकडे मोजले जायला लागायचे, खेळणारा मान न वळवता हात मागे पसरायचा, ‘‘आहे का रे रुपया?’’ तो रुपया यंत्रात पडला, की मुस्तफा होता तिथेच उठून पुन्हा धावत लाथा घालायला मोकळा. कॅपकॉमने १९९३ मध्ये काढलेल्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. ते कुणाच्या तोंडी नव्हतं. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं, मुस्तफा कैरोचं, नाव अख्ख्या गेमला चिकटलं होतं. त्याचं मरण हा पार्लरवाल्याचा गल्ला होता. असली यंत्रं बनवणाऱ्यांचं गणितच तसं असायचं, की नवखा माणूस काही मिनिटांत मेला पाहिजे, म्हणजे पुढचं नाणं पडतं.

पुढे टीव्हीला जोडायचा गेम घरी आला तरी मरण स्वस्तच राहिलं. मारिओला तीन लाइफ, कॉन्ट्रात कोड मारला तर तीस. ‘‘तुझी लाइफ गेली, दे रिमोट,’’ एवढाच त्याचा अर्थ. पुढच्याचा नंबर लागला. रडारड व्हायची, पण ती वेगळ्या कारणांनी. शेवटच्या लेव्हलला नेमके दिवे जायचे, आणि त्या कॅसेटींत सेव्ह नावाचा प्रकारच नसल्यामुळे दुपारभराची मेहनत टीव्हीच्या मधल्या ठिपक्यात विरून जायची. ते रडणं खरं होतं, पण स्वतःसाठी होतं. मारिओसाठी कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

पडद्यावरच्या माणसाविषयी पहिल्यांदा काही वाटलं ते ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळताना. जॉर्डन मेकनर या तरुणाने १९८९ मध्ये हा गेम जवळपास एकहाती केला. धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून राजपुत्र हलता केला. म्हणून तो कड्याला लोंबकळून वर चढताना सगळं अंग ओढून घेतोय असं वाटायचं, आणि टोकदार सळ्यांवर पडला की आमच्या पोटात गोळा यायचा. आठव्या लेव्हलला तो बंद दरवाजाआड अडकतो. काही केलं तरी मार्ग सापडत नाही. नुसतं उभं राहावं लागतं. मग राजकन्येने पाठवलेला एक पांढरा उंदीर तुरुतुरु येतो, बटणावर बसतो आणि दार उघडतं. कॉम्प्युटर क्लासमध्ये एका खुर्चीभोवती कोंडाळं करून उभी असलेली आम्ही मुलं त्या चिमुकल्या उंदराकडे ज्या मायेने पाहत होतो, तसं आम्ही कुठल्याही गेममध्ये कुणाकडे पाहिलं नव्हतं.

पण खरा धक्का बाराव्या लेव्हलला होता. राजपुत्राची स्वतःचीच सावली तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला की आपलीच शक्ती कमी होते, तिला मारलं की आपण मरतो. आमच्यातल्या एकाने शेवटी कंटाळून तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. दोघे एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. क्लासमध्ये कुणी काही बोललं नाही. शस्त्र खाली ठेवणं हेसुद्धा गेममधलं एक उत्तर असू शकतं, हे कुठल्या पुस्तकाने किंवा सरांनी शिकवण्याआधी एका बटणाने शिकवलं.

पडद्यावरच्या कुणासाठी रडू येऊ शकतं का, हा प्रश्न अमेरिकेत तोपर्यंत जाहीरपणे विचारून झाला होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी नवी होती तेव्हा, १९८३ च्या सुमारास, तिने मासिकांत जाहिरात दिली: कॉम्प्युटर माणसाला रडवू शकतो का? इन्फोकॉमच्या ‘प्लॅनेटफॉल’ने त्याच १९८३ मध्ये उत्तर देऊन टाकलं. त्यात चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. ओसाड ग्रहावर फ्लॉइड नावाचा एक लहान मुलासारखा रोबोट भेटतो. तो सतत बडबडतो, खेळायला चल म्हणून मागे लागतो. शेवटाकडे एक कार्ड आणायला तो भयंकर प्राण्यांनी भरलेल्या प्रयोगशाळेत स्वतःहून शिरतो आणि बाहेर येतो तो मरायलाच. लेखक स्टीव्ह मेरेट्स्की यांनी त्याला शेवटच्या पानावर दुरुस्त करून परत आणलंय, पण चाळीस वर्षांनंतरही लोक सांगतात ते त्याच्या मरणाबद्दल.

माझ्या पिढीच्या वाट्याला आलेलं मरण १९९७ चं. ‘फायनल फँटसी सेव्हन’. प्लेस्टेशनवर तीन सीडींचा गेम, पुढच्या वर्षी पीसीवर आला, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणाकुणाच्या हाती लागत आमच्यापर्यंत पोहोचला. त्यात एरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी आहे. तेव्हाच्या इंग्रजी आवृत्तीत तिचं नाव एरिस असं पडलं होतं. ती आपल्या टोळीत येते, जखमा भरून काढायची जादू तिच्यापाशी असते, त्यामुळे प्रत्येक मोठ्या लढाईत तिला बरोबर घ्यावंसं वाटतं. तिची शक्ती वाढवण्यात आपण तासन्‌तास घालवतो. आणि पहिल्या सीडीच्या शेवटी ती एका पाण्याने वेढलेल्या वेदीवर गुडघे टेकून प्रार्थना करत असताना खलनायक सेफिरॉथ वरून उतरतो आणि त्याची लांब तलवार तिच्या पाठीतून आरपार जाते.

हे सगळे सांगतात. त्याच्या आधीचा एक क्षण मात्र फार कमी लोक सांगतात. नायक क्लाउड तिच्यासमोर पोहोचतो आणि खेळ पुन्हा आपल्या हाती येतो. आपण काही करावं म्हणून बटण दाबतो. कुठलंही दाबा, क्लाउडचा हात तलवारीकडे जातो. आणखी दाबलं की तो ती तिच्यावर उगारतो. त्याचं मन सेफिरॉथच्या ताब्यात गेलेलं असतं आणि आपली बोटं त्याला मदत करत असतात. मित्र ओरडतात, तो भानावर येतो. तेवढ्यात खरा वार वरून येतो. तिच्या केसांतला पांढरा मणी निसटतो, पायऱ्यांवरून टप टप उड्या घेत पाण्यात पडतो, आणि नोबुओ उएमात्सु यांनी तिच्यासाठी बांधलेली धून सुरू होते. पाठोपाठ लढाई आहे, पण लढाईचं नेहमीचं संगीत वाजत नाही. तीच हळवी धून वाजत राहते आणि तिच्या साथीने आपल्याला शत्रूवर वार करायचे असतात. मी ती लढाई डोळे पुसत खेळलो आहे.

दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं, की सिनेमात असतं तसं निरोपाच्या संवादांचं, त्यागाचं मरण त्यांना नको होतं. माणूस अचानक जातो आणि मागे पोकळी राहते, तेच दाखवायचं होतं. ती पोकळी आम्हाला मेनूमध्ये दिसली. लढाईत पडलेल्याला उठवणारं ‘फीनिक्स डाउन’ पिशवीत डझनांनी पडलेलं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तीस लाइफ घेऊन वाढलेल्या मुलांना हे पटणं अशक्य होतं. म्हणून अफवा उठल्या. अमक्या गुहेत अमकी वस्तू नेली की एरिथ परत येते, अशा युक्त्या जगभरची पोरं एकमेकांना सांगत होती, आमच्याकडेही वहीत लिहून घेतल्या जात होत्या. त्यातली एकही खरी नव्हती. मृत्यू नाकारायचा हा प्रकार घरात कुणी गेलं की मोठी माणसंही करतात. आम्ही तो गेमच्या निमित्ताने आधी केला.

तोच प्रसंग २०२४ मध्ये ‘फायनल फँटसी सेव्हन रीबर्थ’मध्ये पुन्हा आला. आता एरिथला चेहरा आहे, आवाज आहे, वाऱ्यावर हलणारी बट आहे. १९९७ मध्ये तिचे हात म्हणजे ठोकळे होते, बोटं नव्हती, संवाद निळ्या चौकटीत वाचावे लागायचे. नवा गेम देखणा आहे आणि अनेक जागी अस्सल हळवा आहे. पण त्या वेदीवर त्याने एक वेगळाच खेळ मांडला. क्लाउड वार अडवतो असं दिसतं, मग अडवलेला नाही असं दिसतं. ती गेली का, कुठल्या जगात गेली, हे धूसर राहतं. क्लाउडला ती नंतरही दिसत राहते. मला वाटतं, अफवा पसरवणाऱ्या आमच्या पिढीची ती जुनी इच्छा गेम बनवणाऱ्यांनी अर्धवट पुरी केली, आणि अर्धवट पुरी झालेल्या इच्छेत रडता येत नाही. ठोकळ्याच्या हातांची एरिथ ज्या ठामपणे गेली, तो ठामपणा मला जास्त मोलाचा वाटतो.

याचा अर्थ नवं ते कमी असा नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन टू’ हा २०१८ चा गेम मला गेल्या काही वर्षांतल्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा खोल गेला. साल १८९९. आर्थर मॉर्गन हा टोळीतला दांडगा माणूस वसुलीला एका गरीब, आजारी शेतकऱ्याच्या दारात जातो आणि त्याला मारतो. ठोसे आपणच मारायचे असतात, बटण दाबून. तो भाग चुकवता येत नाही. शेतकरी खोकतो, रक्ताचे थेंब आर्थरच्या तोंडावर उडतात. त्या वेळी आपण दुर्लक्ष करतो. कित्येक तासांच्या खेळानंतर आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर क्षय असल्याचं सांगतात. मग गालफडं बसतात, डोळे लाल होतात, धावताना धाप लागते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आजही आपल्या देशात आहे. तो खोकला आपल्याला परका नाही. माझ्या आजोळी एका खोलीला वर्षानुवर्षं ‘आजारी मामांची खोली’ म्हणत, आणि आर्थरचा खोकला ऐकताना मला ती खोली आठवत होती.

आणि घोडा. ज्याला आपण शेकडो मैल फिरवलं, ज्याच्या अंगावरचा चिखल ब्रशने काढला, भ्यायला की मानेवर थोपटलं, त्याला शेवटच्या पाठलागात गोळी लागते. मागे पाठलाग करणारी माणसं, शेजारी सोबती ‘चल’ म्हणून ओरडतोय, आणि आर्थर गुडघ्यावर बसून त्या जनावराचे आभार मानतो. बैल विकताना गोठ्यामागे जाऊन रडलेला शेतकरी ज्याने पाहिला असेल, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

खेळायची खोली मात्र बदलली. पूर्वी एक जण खेळायचा आणि पाच जण बघायचे. रडू आलं तर लपवावं लागायचं, पण सोबत असायची. आता हेडफोन लावून, दार लोटून, एकट्याने. माझा भाचा आर्थरचा शेवट खेळून बाहेर आला तेव्हा घरात कुणालाच कळलं नाही की याच्या आयुष्यातला एक माणूस आत्ता गेलाय. ताई त्याला ‘‘डोळे चोळू नकोस, किती वेळ बघतोस ते’’ म्हणाली. मी त्याला विचारलं, ‘‘घोड्याचं नाव काय ठेवलं होतंस?’’ मग तो बोलायला लागला तो जेवणं आटोपेपर्यंत बोलत होता. माझी घरोघरच्या मामा-मावश्यांना एवढीच विनंती आहे की हा प्रश्न विचारून बघा.

आपल्या भोवतालची दुःखंही आता गेममध्ये यायला लागली आहेत, याचं मला फार अप्रूप आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. भाऊ गोलूला असुरांनी पळवून नेलं म्हणून त्याच्या शोधात निघालेली बहीण. शेवट अर्ध्यावर तुटल्यासारखा आहे, तरी भावाला हाक मारणारी ती मुलगी आपल्यातली वाटते. २०२३ चा ‘वेन्बा’ कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा बसवायच्या, आजीच्या फाटक्या वहीतल्या पुसट ओळी कशा लावायच्या, हाच खेळ. मुलगा मोठा होत जातो तसा आईच्या भाषेपासून लांब जातो, आणि पुढे एकदा आपण त्या मुलाच्या हाताने आईचा पदार्थ रांधतो. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत मुलं वाढवणाऱ्या मराठी आयांनी हा खेळावा. दोनेक तासांत होतो.

आणि ज्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, पण लोक यावर का रडतात हे समजून घ्यायचंय, त्यांना मी ‘ब्रदर्स’ सुचवतो. २०१३ चा, जोसेफ फारेस यांनी स्वीडनमध्ये केलेला. दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरचा डावा अंगठा थोरल्याचा, उजवा धाकट्याचा. दोघांना एकाच वेळी चालवायचं. सुरुवातीला फार गोंधळ होतो. आई पाण्यात बुडून गेलेली, म्हणून धाकट्याला पाण्याची भीती; नदी आली की तो दादाच्या पाठीला चिकटतो. वाटेत दादा मरतो. धाकटा त्याला माती देतो, आणि त्यानंतर डाव्या अंगठ्याला काही कामच उरत नाही. घर समोर दिसतंय, मध्ये पाणी. उजव्या हाताने कितीही दाबा, पोर काठावरून मागे फिरतं. मग कधीतरी, सवयीने म्हणा, आपलं डावं बोट दादाचं बटण दाबतं आणि धाकटा पाण्यात उतरून पोहायला लागतो.

२०२४ मध्ये याची नवी, चकचकीत आवृत्ती आली आहे. झाडंपाणी त्यात जास्त सुंदर आहे. मी जुनीच खेळा म्हणेन, तीन-चार तासांची आहे, एका बैठकीत होते. मात्र कीबोर्डवर खेळू नका. कंट्रोलर नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा.