गाणं बदललं, पाय थांबले नाहीत

अहो, एक गाणं चालू असतानाच त्याच्या पोटातून दुसरं गाणं वर येतं, दोघं थोडा वेळ एकाच ठेक्यावर जोडीने चालतात, मग पहिलं अलगद बाजूला होतं, आणि आपण आता दुसऱ्याच गाण्यावर नाचतोय हे नाचणाऱ्याला कळतसुद्धा नाही! हे सगळं दोन काळ्या तबकड्या, दोन सुया आणि एका माणसाच्या दहा बोटांवर! संगणक नाही, पेन ड्राइव्ह नाही, आधी जोडून ठेवलेलं काही नाही. धुळ्याला मामाच्या घरी हे पहिल्यांदा ऐकलं, पाहिलं आणि माझी झोपच उडाली. परतीच्या वाटेवर पारोळा कधी गेलं, एरंडोल कधी गेलं, मला पत्ता नाही. जळगाव आलं तरी डोक्यात तो एकच सांधा पुन्हा पुन्हा वाजत होता.

माझ्या मामाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. अँप्लिफायर, पत्र्याचे कर्णे, रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींच्या पेट्या असा सगळा पसारा घेऊन तो लग्नाच्या गावी जायचा. पुढे कॅसेटी आल्या, सीडी आल्या, धंदा बसला. पण मामाने रेकॉर्डी विकल्या नाहीत. धाब्याच्या घरातल्या गार माजघरात त्याने त्या उभ्या रचून ठेवल्या. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पत्र्याखाली आडवी पडलेली रेकॉर्ड अशा उन्हाळ्यात पापडासारखी वाकडी होते. मामाच्या रेकॉर्डी अजून सरळ आहेत त्या त्या माजघराच्या कृपेने. हिंदी सिनेमाच्या एलपी तर होत्याच, पण तळाच्या पेटीत निघाली अमेरिकन सोल आणि सुरुवातीच्या डिस्कोची गाणी! भुसावळच्या रेल्वे वसाहतीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब परदेशी जायला निघालं, तेव्हा मामाने ती पेटी घेऊन ठेवली होती. लग्नात तिचा काही उपयोग नव्हता. केवळ आवडली म्हणून घेतली! आता मामेभाऊ पुण्याहून दोन टर्नटेबल आणि दोन्हींचा आवाज एकत्र करणारा मिक्सर घेऊन आला आणि त्या पेटीचं नशीब उघडलं.

सोल म्हणजे काय, हे मी तिथेच जमिनीवर बसून शिकले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गाणं, तो आर्त, वर चढत जाणारा, समोरच्यांकडून हुंकार मागणारा आवाज प्रेमगीतांत आला आणि सोल जन्माला आलं. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने १९५९ साली सुरू केलेल्या कंपनीतून मोटाउनचं युग आलं. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःची कंपनी काढली. सिग्मा साउंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या गाण्यांत व्हायोलिनांचा ताफा आहे, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन आहेत आणि खाली सतत चालणारा बेस आहे. हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सचं 'द लव्ह आय लॉस्ट' हे १९७३ चं गाणं लावलं, तेव्हा मामेभावाने मला फक्त ड्रम ऐकायला सांगितले. ड्रमर अर्ल यंग. पायाने वाजवायचा मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो, धम् धम् धम् धम्, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधे झांज उघडून 'त्स्स' करते. बस्स, एवढंच! डिस्कोचा पाया तिथे पडला. चारही मात्रांना सारखं वजन मिळालं की पाय चुकायला जागाच उरत नाही, नाच न येणाराही नाचू लागतो.

आता हाताची गंमत सांगते, कारण मी खरी वेडी झाले ती तिथे. डावीकडे एक रेकॉर्ड सगळ्यांसाठी वाजतेय. उजवीकडची दुसरी फक्त हेडफोनमध्ये, तीही एकाच कानाला. दुसरा कान खोलीकडे उघडा. टर्नटेबलच्या चकतीवर रबराऐवजी फेल्टचा पातळ गोल अंथरलेला असतो. त्यामुळे खाली मोटर फिरत राहते आणि वर रेकॉर्ड बोटाने धरून ठेवता येते. सुई पहिल्या ठोक्यावर आणायची, रेकॉर्ड बोटाच्या पेराने किंचित पुढे-मागे करून तो ठोका नेमका कुठे आहे ते चाचपायचं आणि तिथेच धरून थांबायचं. डावीकडचं गाणं आवर्तन पूर्ण करून समेवर आलं की बोट सोडायचं. दोन गाणी एका समेवर! मग बाजूची पट्टी सरकवून वेग जुळवायचा. दुसरं गाणं मागे पडायला लागलं तर मधल्या कागदी लेबलवर बोट टेकवून जरा पुढे ढकलायचं, पुढे पळायला लागलं तर चकतीच्या कडेला नुसतं बोट लावायचं. इतका हलका स्पर्श की आवाजाला कळू नये, वेगाला मात्र कळावं.

मी लहानपणी पेटी शिकले आहे, त्यामुळे पुढची गोष्ट ऐकून उडालेच. रेकॉर्डचा वेग वाढवला की सूरही चढतो. साधारण सहा टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या स्वराने वर जातो. काळी एकमध्ये गाणारी बाई थेट पांढरी दोनमध्ये! या कलेत ज्याचं नाव आदराने घेतात त्या टेक्निक्स एसएल-१२०० टर्नटेबलची पहिली आवृत्ती १९७२ ची, आणि सरकपट्टी असलेली दुसरी १९७९ ची. त्या पट्टीवर वेग आठ टक्के वर किंवा खाली नेता येतो. म्हणजे वाजवणाऱ्याला तालाबरोबर सुराचाही विचार करायचा आहे. दोन गाणी तालात जुळली पण सुरात भांडली, तर सांधा कानाला टोचतो. म्हणून तो बहुतेक वेळा असा सांधा निवडतो, जिथे एका गाण्यात नुसते ड्रम उरलेत आणि दुसऱ्याचं गायन अजून सुरू व्हायचंय. आणि ती जागा डोळ्यांना दिसते! रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरा. भरगच्च वाद्यमेळ असलेल्या ठिकाणी खाचा करड्या दिसतात, वाद्यं कमी झाली की पट्टा काळाभोर होतो. मामेभाऊ रेकॉर्ड हातात घेऊन नुसतं बघतो आणि सांगतो, इथे ड्रम एकटे आहेत. सुई ठेवतो, आणि खरंच एकटे असतात!

पण या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट मला जरा उशिरा कळली, आणि मला सगळ्यांत मोठी तीच वाटते. या जुन्या गाण्यांचा वेग स्थिर नाही. माणसं वाजवताहेत ना! कडव्यात ड्रमर जरा मागे रेलतो, धृपदाला उसळतो, गायिका पेटली की अख्खा वाद्यवृंद तिच्याबरोबर थोडा पुढे धावतो. आपल्याकडेही आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत फ्रँको वाझ यांच्यासारखे ड्रमर हाताने-पायाने ताल धरत होते. पुढे यंत्राचा ताल आला. मुंबईतले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड रोलंडच्या ताल-यंत्रावर आणि सिंथेसायझरवर केली. तेव्हा तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरातले संगीतवाले चकित झाले. ती रेकॉर्डही थोर आहे. तिच्यात ताल एका रेषेत चालतो, एकदा जुळवला की जुळला. फिलाडेल्फियाच्या गाण्याशी मात्र शेवटच्या ठोक्यापर्यंत हात लावून राहावं लागतं. तिकडे पन्नास वर्षांपूर्वी एक माणूस जरा उत्साहात आला, आणि इकडे धुळ्यात त्याच क्षणी मामेभावाचं बोट त्याला सावरायला पुढे झालं. दोघांची ओळख नाही, भेट नाही, पण दोघं एकत्र वाजवताहेत. याला संगतच म्हणायचं, दुसरा शब्द मला सापडत नाही.

ही विद्या घडली न्यूयॉर्कमध्ये. जुन्या चर्चच्या इमारतीत भरणाऱ्या 'सँक्च्युअरी' क्लबात फ्रान्सिस ग्रासो दोन गाण्यांचे ठेके एकमेकांवर बसवायला लागला, ती वर्षं साठच्या दशकाच्या शेवटाची. डेव्हिड मन्कुसोने १४ फेब्रुवारी १९७० ला आपल्या राहत्या जागेत मित्रांना बोलावून रेकॉर्डी लावल्या. पुढे ते घर 'द लॉफ्ट' म्हणून गाजलं. तिथे दारू विकत नसत, लोक नाचायला यायचे. कॅमेरूनच्या मनू दिबांगोचं 'सोल मकोसा' मन्कुसोने कुठल्याशा दुकानातून शोधून आणलं, लोक वेडावून नाचले, आणि रेडिओने ते गाणं नंतर उचललं. नाचणाऱ्यांनी आधी गाणं गाजवलं, रेडिओ मागून आला! टॉम मोल्टनने तीन मिनिटांची गाणी लांबवली, मधे नुसत्या तालाची जागा सोडली. गायिका ग्लोरिया गेनरच्या १९७५ च्या एलपीवर त्याने एका बाजूची तीन गाणी न थांबता एकात एक ओवली. बारा इंची सिंगलही त्याच्याच प्रयोगांतून आली. एवढ्या मोठ्या तबकडीवर एकच गाणं, त्यामुळे खाचांना ऐसपैस जागा, आणि म्हणून आवाज मोठा, बेस भरदार.

हे सगळं परकं आहे असं वाटतंय का? मलाही वाटायचं, मामाने दुसरी पेटी उघडेपर्यंत! १९७४ चं 'कुंग फू फायटिंग' जगभर गाजलं, त्याचा निर्माता बिद्दू आपल्या बंगळुरूचा. त्याच बिद्दूने १९८० च्या 'कुर्बानी'साठी 'आप जैसा कोई' केलं आणि पंधरा वर्षांची नाझिया हसन घराघरात पोहोचली. त्याच सिनेमातलं 'लैला ओ लैला' कांचनने अमितकुमारबरोबर गायलं. कांचन आणि बाबला या जोडीने पुढे दांडियालाही डिस्कोचा ठेका दिला. आणि आशाबाई भोसले! त्यांचं 'डॉन'मधलं 'ये मेरा दिल' १९७८ चं. त्याच्या सुरावटीचा तुकडा घेऊन 'ब्लॅक आइड पीज' या अमेरिकन बँडने २००५ मध्ये आपलं गाणं उभं केलं. या आशाबाईंचं आजोळ कुठलं? थाळनेर! शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं, आपल्या धुळे जिल्ह्यातलं थाळनेर! त्यांची थोरली बहीण लतादीदी पावागडचे गरबे शिकल्या त्या याच आजोळच्या आजीकडून. आणि अमितकुमारचे वडील किशोरकुमार तर भुसावळच्या पुढच्या लोहमार्गावरचे, खांडव्याचे. मी तर मामासमोर टाळ्याच पिटल्या.

आणि मामा? त्याला यातलं काही नवीन नव्हतं. लग्नात सकाळी सनई, मग भक्तिगीतं, हळदीला ठसक्याची गाणी, पंगतीला संथ, वरात निघताना सगळ्यांत जलद, हा क्रम तो माणसांकडे बघून लावायचा. म्हाताऱ्या उठून जायला लागल्या की गाणं बदल, पोरं पेंगायला लागली की गाणं बदल. आपल्या बँडवाल्यांचं बघा ना. सिनेमातल्या गाण्यावरून खानदेशी पावरीच्या चालीवर जाताना ते कधी थांबतात? ढोल चालूच असतो, वरची चाल बदलते. कानबाई देवीच्या मिरवणुकीत बाया तासन् तास नाचतात, त्यांच्या पायांना गाणं कुठे संपलं ते ठाऊकच नसतं. मामा मला म्हणाला, "ऐक माय, गानं बदली गयं तरी चाली, पन पाय थांबाले नको." न्यूयॉर्कच्या ग्रासोने दोन ठेके एकमेकांवर बसवले ते याचसाठी ना!

म्हणून आता माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे: घरात रेकॉर्डी असतील तर भंगारात देऊ नका. माळ्यावरून खाली आणा, गार खोलीत उभ्या ठेवा, मधलं लेबल ओलं न करता मऊ कापडाने पुसा, सुई झिजलेली असेल तर नवी बसवा, कारण झिजलेली सुई खाच खाऊन टाकते. लहान रेकॉर्डी बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, एलपी ३३ च्या, आणि खूप जुन्या जड तबकड्या ७८ च्या. त्यांना सुईही वेगळी, जाड लागते. मग घरातल्या पोरांना जवळ बसवा आणि फक्त ड्रम ऐकायला सांगा.

येत्या लग्नसराईत मामेबहिणीची हळद आहे आणि त्या रात्रीची गाणी मी आणि मामेभाऊ लावणार आहोत. क्रम ठरलाय: आधी मोटाउनची मंद गाणी, पाहुणे गप्पा मारताहेत तोवर. मग फिलाडेल्फिया, म्हणजे बसल्या जागी पाय हलायला लागतील. मग 'कुर्बानी', मग आशाबाई, म्हणजे कुणी बसूनच राहणार नाही. शेवटची जोडणी माझ्याकडे आहे. दारात बँड उभा असेल, रेकॉर्डवर नुसते ड्रम उरले की ढोलवाला त्यावर आपला ढोल चढवेल, तो जसा जोरात येईल तशी मी पट्टी सरकवून वेग वाढवत त्याच्याबरोबर जाईन, आणि ठेका त्याच्या हातात पोहोचला की आवाज खाली घेईन. पावरी सुरू! रेकॉर्डमधल्या माणसाकडून दारातल्या माणसाकडे ताल सोपवायचा आहे, मधे एकही ठोका न सांडता. ढोलवाल्याला घरी बोलावून आमचा सराव जोरात चालू आहे, आणि त्याला अर्ल यंग माझ्याइतकाच आवडलाय!