मिहानमध्ये टेम्पो पकडताना

मिहानमध्ये जाऊन ‘टेम्पो कुठे मिळेल?’ असं विचारलंत, तर लोक आधी तुमचं सामान किती आहे ते बघतील. साहजिक आहे! वर्धा रोडवर टेम्पो म्हणजे सिमेंटच्या गोण्या, नाहीतर घर बदलणाऱ्या एखाद्या बॅचलरची गादी, कूलर आणि दोरीने बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची. पण रविवारी सकाळी साडेसहाला खापरीकडच्या एका सोसायटीच्या लॉनवर चार जण ज्या टेम्पोवरून हमरीतुमरीवर आले होते, तो वेगळाच. गोल्फच्या स्विंगचा टेम्पो!

थांबा, लगेच डोळ्यांपुढे मखमली हिरवळ आणि बॅग उचलून मागे चालणारा कॅडी आणू नका. इथे आहे ते एवढंच – एक सेकंडहॅण्ड सात नंबरचं आयर्न, भोकांचे डझनभर प्लॅस्टिकचे चेंडू आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडून मिनतवारीने मिळवलेली साडेसातपर्यंतची परवानगी. चौघांपैकी दोघं आयटीतले, एक विमानांच्या देखभालीतला आणि चौथी बेंगळुरूहून नागपूरला परतलेली. हे खूळ तिचंच. तिकडे ड्रायव्हिंग रेंजवर शिकली, इकडे येताना काठी घेऊन आली.

वादाचा मुद्दा साधा होता. आयटीवाल्याचा चेंडू चौथ्यांदा हुकला आणि दुसरा ओरडला, ‘अबे, हळू मार ना! कायची घाई आहे तुले?’ तशी आमची कोच उखडली. म्हणाली, ‘हळू मार हा जगातला सगळ्यात वाईट सल्ला आहे.’

तिचं म्हणणं पटायला थोडं गणित लागतं, पण मजेशीर आहे. जॉन नोव्होसेल नावाच्या अमेरिकन माणसाने नामवंत खेळाडूंच्या स्विंगचे व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने मोजले आणि 2004 मध्ये ‘टूर टेम्पो’ हे पुस्तक काढलं. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या, तर काठी मागे नेऊन वर पोचायला कुणाला 21 फ्रेम लागतात, कुणाला 24, कुणाला 27. आणि वरून खाली चेंडूपर्यंत? अनुक्रमे 7, 8 आणि 9! म्हणजे माणूस झटपट असो की संथ, हिशेब तोच – तीनास एक. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनीही या टेम्पोचा अभ्यास केला. त्यांचा सूर असा, की शरीर आणि काठी मिळून स्प्रिंगसारखं वागतात आणि प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची लय असते. पाळण्याला झोका देऊन बघा. मध्येच ढकललात तर हात दुखतो आणि बाळ उठतं.

म्हणजे सगळा स्विंग साधारण एका सेकंदाचा. चेंडू काठीच्या पात्याला टेकतो तो तर अर्धा मिलिसेकंद. एवढ्यात विचार करायला फुरसत कुणाला? म्हणून नवशिक्याची गंमत होते. तो जपून, अगदी दुधाचं भांडं उचलल्यासारखी काठी मागे नेतो, वर गेल्यावर त्याला एकदम चेंडू आठवतो आणि मग तो झडप घालतो. ‘हळू’ म्हटलं की फक्त मागे नेणं हळू होतं, झडप तशीच राहते. गुणोत्तर आणखी बिघडतं! झिम्बाब्वेच्या निक प्राइसचा स्विंग डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचा, दक्षिण आफ्रिकेच्या एर्नी एल्सचा लोण्यासारखा. मोठ्या स्पर्धा दोघांनीही जिंकल्या.

कोचची युक्ती सोपी आहे. तोंडाने मोजायचं – एक, दोन, तीन, ठाक! तीन मात्रा वर जायला, चौथीवर चेंडू. मात्रा लांब की आखूड ते तुमच्या अंगकाठीवर, फक्त चारही सारख्या हव्यात. तबला शिकलेल्यांना हे पाच मिनिटांत जमतं, असा तिचा दावा. मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा 240 फ्रेमवर ठेवलात तर पडताळताही येतं. वर जायला 192 फ्रेम, खाली यायला 64, की समजा जमलं.

साडेसात वाजले आणि सेक्रेटरीकाका गॅलरीत आले. आम्ही काठी गुंडाळून मिहान बघायला निघालो.

सुटीच्या सकाळचं मिहान हे एक अजब प्रकरण आहे. रस्ते असे रुंद, की चार टेम्पो (सामानाचे!) शेजारी शेजारी जावेत. दुतर्फा मुरमाड माळ, पावसानंतर कमरेएवढं गवत, मध्येच काचेची इमारत, मग पुन्हा माळ. डोक्यावरून विमान गेलं की सगळ्यांची वाक्यं मध्येच तुटतात आणि मग जिथे तुटली तिथूनच पुढे सुरू होतात. इथे राहणाऱ्यांना सवय झालीय. सेझच्या गेटच्या आत पासाशिवाय सोडत नाहीत, पण बाहेरून फिरायलाही बंदी नाही. दहेगावकडच्या रस्त्यावर आयआयएमचा कॅम्पस लागतो. त्याच वाटेवर नालीच्या कामाला आलेला एक मजूर दगडावर घण घालत होता. घण खांद्यामागून वर जाताना निवांत, क्षणभर टेकल्यासारखा, आणि खाली येताना आपल्याच वजनाने. आम्ही पाच जण भर रस्त्यात उभं राहून मोजत होतो – एक, दोन, तीन, ठाक. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं, हसला आणि मोजणीत खंड न पडू देता पुढचा घाव घातला. दिवसभर हेच करायचं तर झडप घालून चालत नाही. खांदा जातो.

आता मिहानच्या टेम्पोबद्दल. नागपुरात हा विषय निघाला की पैज लागते. प्रकल्प राबवणारी विमानतळ विकास कंपनी 2002 ची. विमान दुरुस्तीचं केंद्र सुरू झालं ते 2015 मध्ये, एचसीएल 2018 मध्ये आलं, मेट्रो खापरीला पोचली 2019 मध्ये. आयआयएमच्या कॅम्पसचं उद्घाटन मे 2022 मध्ये, एम्सचं 11 डिसेंबर 2022 ला. म्हणजे बॅकस्विंग चांगलाच लांबला! ‘हळूहळू होईल सगळं’ म्हणणारे काका प्रत्येक कट्ट्यावर भेटतात. पण हा हिशेब गोल्फच्या भाषेत मांडून मोकळं होणं मला पटत नाही. खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही, शिवणगाव या गावांच्या जमिनींवर हे सगळं उभं आहे. मोबदला आणि पुनर्वसनासाठी ज्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्यांना ‘लय असते हो’ असं कोण सांगणार? वाट बघणं आणि टेम्पो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोचला मात्र वेगळीच चीड आहे. बेंगळुरूचे जुने सहकारी फोनवर विचारतात, ‘मग, स्लो लाइफ कसं चाललंय?’ ती म्हणते, ‘काम तेच, डेडलाइन त्याच, क्लायंटही तोच. फक्त ऑफिसला जायला दीड तास लागायचा, तो वीस मिनिटांवर आला. ह्याला स्लो म्हणतात?’ वडिलांच्या डायलिसिससाठी ती परत आली. आठवड्यातून तीनदा सकाळी सहाला त्यांना सोडायचं, मग ऑफिस, मग आणायचं. पहिल्या वर्षी तिने सगळंच झडप घालून केलं. रजा कमी पडल्या, प्रमोशन हुकलं, वडिलांवर ओरडणंही झालं. नोकरी सोडायचं पत्र दोनदा लिहून झालं. शेवटी तिने बॉसकडे जाऊन तीन दिवस उशिराची वेळ रीतसर मागून घेतली. मिळालीही. हे सांगताना ती गोल्फचा शब्दही काढत नाही. काढावा असं आम्हालाही वाटलं नाही.

खऱ्या गवतावर खेळायची हौस असेल, तर कामठीच्या छावणीत गोल्फ आहे. पण 1821 पासूनची ती लष्करी हद्द, कुणी लष्करी ओळखीचं असेल तरच नाव काढा. खापरीहून मेट्रोची ऑरेंज लाइन थेट कामठी रोडवरच्या ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत नेते. आणि गोल्फ म्हणजे आपलं काम नव्हे असं वाटत असेल, तर अनिर्बान लाहिरी आठवा. जन्म पुण्याचा, वडील लष्करात डॉक्टर. 2015 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला आणि विपश्यना करतो. श्वास मोजणाऱ्याला टेम्पो वेगळा शिकवावा लागत नसेल!

लॉनवर यायचं तर दिवाळीनंतर या. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा पकडीवरचा घामच काठी उडवून देतो. काठी चिमणी धरल्यासारखी धरा – उडू नये आणि गुदमरूही नये. पहिले दहा झोके चेंडूशिवाय. नंतर वर्धा रोडवर तर्री पोहे खा, पण तर्री बाजूला मागा. आमच्या आयटीवाल्याने ती पहिल्याच घासाला ओतून घेतली आणि दोन ग्लास पाणी होईपर्यंत त्याच्याकडून एकही शब्द आला नाही.