विषवाणिज्य आणि रक्तातील पेशी

श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. ज्या व्यवसायांत हिंसेचा दोष मोठा, असे हे पंधरा व्यवसाय. त्यांतच विषवाणिज्य येते. प्रतिक्रमणात हे नाव उच्चारताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोमल, बचनाग यांसारखी जहाल द्रव्ये किंवा अलीकडची कीटकनाशके उभी राहतात. आणि यांपैकी काहीच दुकानात नाही, या समाधानात मन पुढील पाठाकडे वळते. परंतु विष ओळखण्याची विज्ञानाची दृष्टी गेल्या शतकात फार सूक्ष्म झाली आहे. जे तत्काळ प्राण घेते तेवढेच विष नव्हे. जे रक्त घडवणाऱ्या पेशींच्या मूळ लेखात बिघाड करते आणि ज्याचे फळ कित्येक वर्षांनी समोर येते, तेही विषच. अशा विषाचे सखोल अभ्यासलेले उदाहरण म्हणजे बेंझिन, आणि त्याचा संबंध कीटकनाशकांच्या दुकानापेक्षा पादत्राणे, रंग, रबर, छपाई व पेट्रोल यांच्याशी अधिक आहे.

मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये दिव्याच्या वायूपासून उरलेल्या तेलकट अवशेषातून बेंझिन वेगळे केले. रंगहीन, किंचित गोडसर वासाचा आणि झटकन उडून जाणारा हा द्रव रबर, मेद व रंग सहज विरघळवतो. त्यामुळे कारखानदारीत त्याचा प्रसार वेगाने झाला. त्याचा दोषही लवकरच दिसू लागला. १८९७ मध्ये सांतेसन या स्वीडिश वैद्यकतज्ज्ञाने सायकलच्या टायरच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण स्त्रियांच्या प्राणघातक आजाराची नोंद केली. त्यांच्या शरीरात नवे रक्त तयार होणेच थांबले होते. १९२८ मध्ये फ्रान्समधून बेंझिन हाताळणाऱ्या कामगाराला रक्ताचा कर्करोग झाल्याची नोंद आली.

व्यापाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी अशी हकीकत मात्र इस्तंबूलची आहे. तेथे बूट, चपला व हातपिशव्या बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळांतून बेंझिनयुक्त चिकटद्रव्य वापरले जाई. जागा कोंदट, खिडक्या बंद आणि उघडा डबा कामगाराच्या नाकाशी. डॉ. मुझफ्फर अक्सॉय या रक्तविकारतज्ज्ञांनी १९७४ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे २८,५०० कामगारांच्या या व्यवसायात त्यांना रक्ताच्या कर्करोगाचे व त्याच्या पूर्वावस्थेचे २६ रुग्ण आढळले होते. वर्षाला लाखामागे सुमारे १३ हे प्रमाण सर्वसाधारण लोकांतील प्रमाणाच्या जवळजवळ दुप्पट होते. पुढे बेंझिनचा वापर क्रमाक्रमाने बंद होत गेला, तेव्हा रुग्णांची संख्याही घटली. ही घटही अक्सॉय यांनीच नोंदवली. त्या कार्यशाळांच्या मालकांना कोणाचे अहित करायचे नव्हते. ते केवळ चपला विकत होते.

ही वाफ रक्तापर्यंत पोहोचून नेमके काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्तपेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ भागात, तयार होतात. तेथील मूलपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घडतात. एकट्या तांबड्या पेशीच दररोज सुमारे २०० अब्ज निर्माण होतात. पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून तिच्या केंद्रकातील डीएनएचा प्रश्नच उरत नाही. मूलपेशींत आणि पांढऱ्या पेशींत मात्र ४६ गुणसूत्रे असतात आणि एका पेशीतील डीएनएचा धागा उलगडला तर तो सुमारे दोन मीटर भरतो. केव्हा विभागायचे आणि केव्हा थांबायचे, याच्या आज्ञा त्यात लिहिलेल्या असतात. पेशी विभागली की या लेखाची नक्कल नव्या पेशीकडे जाते. खतावणीत एका पानावर चुकलेली बाकी जशी पुढील पानावर ओढली जाते, तशीच लेखातील चूकही पुढे जाते.

श्वासावाटे आत गेलेले बेंझिन यकृतात पोहोचते. ते बाहेर टाकता यावे म्हणून यकृतातील विकरे त्याचे रूपांतर करू लागतात आणि येथेच घात होतो. या प्रक्रियेतून फिनॉल, हायड्रोक्विनोन असे पदार्थ तयार होऊन रक्तावाटे अस्थिमज्जेत येतात. तेथील मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकरामुळे त्यांपासून क्विनोन बनतात. हे क्विनोन अत्यंत क्रियाशील असतात. डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी पेशी त्याचा धागा क्षणभर कापते आणि पुन्हा जोडते. हे काम करणाऱ्या विकराच्या आड क्विनोन येतात आणि कापलेला धागा तुटलेलाच राहू शकतो. शिवाय प्राणवायूची उग्र रूपे निर्माण होऊन धाग्यावर निराळे आघात होतात. कधी गुणसूत्राचा तुकडा निखळतो, कधी एका गुणसूत्राचा भाग दुसऱ्याला जाऊन चिकटतो.

पेशी अर्थातच स्वस्थ बसत नाही. तिची दुरुस्तीची यंत्रणा दररोज हजारो लहानमोठ्या चुका सुधारते, आणि जी पेशी सुधारता येत नाही ती बहुधा स्वतःचा अंत करून घेते. परंतु आघात रोजचे झाले की काही चुका निसटतात. पुष्कळ मूलपेशी मेल्या तर रक्तच अपुरे पडते. एखादी चुकीचा लेख घेऊन जगली आणि बेसुमार वाढू लागली, तर कर्करोग होतो.

ही मोडतोड आता डोळ्यांनी पाहता येते. १९८४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी मांडलेली आणि १९८८ मध्ये नरेंद्र सिंह व सहकाऱ्यांनी सुधारलेली ‘कॉमेट’ चाचणी त्यासाठी वापरतात. बोटभर रक्तातील पांढऱ्या पेशी काचपट्टीवर जेलीसारख्या थरात बसवतात, त्यांचे आवरण विरघळवतात आणि विद्युतप्रवाह सोडतात. शाबूत डीएनए जागीच राहतो, तुटलेला मात्र पुढे सरकतो. सूक्ष्मदर्शकाखाली अशी पेशी शेपटी असलेल्या धूमकेतूसारखी दिसते. शेपूट जितके ठळक तितकी मोडतोड अधिक. हे धूमकेतू दिसत असतात तेव्हा तो माणूस कामावर येत असतो, जेवत असतो, हसत असतो. त्याला कोणताही त्रास जाणवत नसतो.

थोड्याशा वासाने काय होते, असे म्हणण्याची सोयही फारशी उरलेली नाही. अमेरिकेत कामाच्या जागी बेंझिनची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग होती. न्यायालयीन वादानंतर १९८७ मध्ये ती एका भागावर आणली गेली. २००४ मध्ये चीनमधील तिआनजिन येथील पादत्राणांच्या २५० कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका भागाहूनही कमी बेंझिन असलेल्या हवेत काम करणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या. भारतात पेट्रोलमधील बेंझिन आज एक टक्क्याच्या मर्यादेत ठेवावे लागते, आणि कायद्यात बेंझिनची विषबाधा नोंद करण्याजोगा व्यावसायिक रोग मानली आहे. गाडीत पेट्रोल भरून दोन मिनिटांत निघून जाणाऱ्या ग्राहकाने भयभीत होण्याचे कारण नाही. प्रश्न आठ तास नळीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराचा आहे.

व्यापारी कुटुंबांसाठी या विषयाचा गाभा येथेच आहे. नफा गल्ल्यात जमा होतो आणि वाफ दुसऱ्याच्या रक्तात. मालक पुढे गादीवर बसतो. मागच्या गोदामात किंवा माळ्यावर मोठ्या पिंपातून बाटल्या भरणारा, चिकटद्रव्याचा ब्रश फिरवणारा, हाताचा रंग थिनरने धुणारा दुसरा असतो. कोणत्याही वहीत हा खर्च दिसत नाही.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, स्थान दिले आहे आणि आठव्या व्रतात प्रमादाचरण हा अनर्थदंडाचा एक प्रकार सांगितला आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरांना न दिसणाऱ्या जीवांची काळजी कोणी शिकवावी लागत नाही. तीच दृष्टी गोदामापर्यंत न्यायची आहे. तेथे तर समोर साक्षात पंचेंद्रिय मनुष्य उभा आहे.

करायच्या गोष्टी अवघड नाहीत. थिनर, सॉल्व्हंट वा चिकटद्रव्य खरेदी करताना पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मागावे आणि त्यात बेंझिन आहे का, किती आहे, हे वाचावे. स्वस्त सुट्या मालाबद्दल अधिक चौकस राहावे. डबे झाकलेले असावेत. ओतण्याचे काम मोकळ्या हवेत किंवा वाफ बाहेर खेचणाऱ्या पंख्याखाली व्हावे. नळीला तोंड लावून पेट्रोल ओढणे आणि थिनरने हात धुणे सक्तीने बंद करावे. साध्या कापडी मुखपट्टीने वाफ अडत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. तंबाखूच्या धुरातही बेंझिन असते, म्हणून दुकान व्यसनमुक्त ठेवणे दुहेरी लाभाचे. वाफेत काम करणाऱ्या प्रत्येकाची रक्तगणना ठरावीक काळाने दुकानाच्या खर्चाने व्हावी आणि पेशी घटलेल्या दिसल्या तर त्याला डॉक्टरांकडे पाठवून, पगार न कापता दुसरे काम द्यावे.

गोदामातील माणूस बहुधा स्वतःहून काही विचारणार नाही. त्याला रसायनाचे नाव ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी नोकरीची भीती असते. म्हणून डब्यात काय आहे हे विचारण्याचे काम ज्याच्या नावावर दुकान आहे त्याचेच.