तांबूच्या अंगावरील गाठी

हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे दिवस म्हणजे आमच्या श्रीरामपूर भागातील घराघरांत पाहुण्यांची वर्दळ. २०२२ सालच्या त्या सप्टेंबरात मात्र आमचे सारे लक्ष गोठ्याकडे लागले होते. तांबू गाईने दोन दिवस वैरणीला तोंड लावले नव्हते. तिसऱ्या दिवशी तिच्या मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या. लम्पी! जनावरांचे बाजार आधीच बंद झालेले. आमच्या वृद्ध आत्याबाई काठी टेकीत दारापर्यंत आल्या, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ही तर देवी! पोरांना इकडं फिरकू देऊ नका." देवीच्या साथीत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. आम्ही पोरांना दूर ठेवलेच. शिवाय दुसऱ्या, निरोगी गाईचे दूधही आठ दिवस उकिरड्यावर ओतले. दुधाच्या पगारावर ज्यांची चूल पेटते त्यांनाच त्या आठ दिवसांची किंमत कळेल.

आत्याबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. लम्पीचा विषाणू आणि देवीचा विषाणू हे एकाच कुळातले. गाईंना लस टोचली गेली तीही शेळ्यांच्या देवीची! परंतु पशुवैद्यांनी समजावले की, हा रोग माश्या, डास, गोचीड यांच्या चाव्यातून गुराकडून गुराकडे जातो. माणसाला त्याची लागण होत नाही, दूध उकळून खुशाल प्यावे. कुळ एक, पण एक विषाणू गोठ्यातच थांबतो आणि दुसरा घरे ओस पाडतो, हे शोधून काढणारी माणसे कोण असतील, असा प्रश्न तेव्हा आम्हांस पडला.

ती माणसे आमच्यापासून फार दूर नव्हती. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तापाने फणफणली. प्रथम पीतज्वराची शंका आली, कारण अमेरिकेच्या अरण्यांत त्या रोगाने माकडे मरतात. पुण्याच्या संशोधकांनी मेलेली माकडे तपासली, रानातील गोचिडी वेचल्या आणि विषाणू वेगळा काढला. तो निघाला रशियाच्या थंड अरण्यांतील गोचीड-ज्वराचा भाऊबंद! चरायला जाणाऱ्या गाईगुरांच्या रक्तावर गोचिडी पोसतात आणि वाढतात. गाय स्वतः आजारी पडत नाही. या कामात प्रयोगशाळेतील अनेकांना त्याच तापाने गाठले. ज्याचा शोध घ्यायचा त्याच्याच हाती सापडायचे, अशी ही नोकरी.

या रोगाच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षे घातली त्यांत डॉ. खोर्शेद पावरी यांचे नाव आम्हांस विशेष वाटते. १९७८ पासून दहा वर्षे त्या संस्थेच्या संचालक होत्या. माकडतापापासून एड्सपर्यंत त्यांच्या कामाचा पल्ला. आणि एड्सचा विषाणूदेखील आफ्रिकेतील वानरांकडूनच माणसात आलेला. १९६५ साली नागपूरजवळ चांदीपुऱ्याच्या रुग्णांच्या रक्तात भट्ट आणि रॉड्रिग्ज या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. तेव्हा तो साध्या तापाचा वाटला. २००३ साली आंध्रात आणि आपल्या महाराष्ट्रात मुले दगावू लागली, तेव्हा त्याच विषाणूचा माग लागला. अडतीस वर्षांपूर्वीची नोंद कपाटात होती, म्हणून शत्रूचे नाव तरी ठाऊक होते. असल्या नोंदी करणाऱ्याला त्या दिवशी कोण शाबासकी देतो? आणि माकडताप दूर कर्नाटकात राहिला असे समजू नये. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्गात उतरला.

तांबू वाचली नाही. बाराव्या दिवशी पहाटे तिने मान टाकली; गावाबाहेर खोल खड्डा खणून, चुना टाकून तिला पुरले. तिचे वासरू जगले. त्याच्या खांद्यावर दोन वण राहिले आहेत. नवव्या दिवसापासूनच आमच्या घरात पुन्हा दुधाचा चहा होऊ लागला होता. आत्याबाईंनी मात्र दिवाळीपर्यंत कोराच घेतला.