भावोजींची पॉलिसी

भावोजी गेले आणि काही आठवड्यांत त्यांच्या विम्याचे दहा लाख रुपये माझ्या भाच्याच्या खात्यात जमा झाले. एका संध्याकाळी तो ताईला घेऊन भाईंदरच्या आमच्या घरी आला. त्याची पत्नी दोन वर्षांपासून माहेरी आहे; पोटगीचा दावा न्यायालयात चालू आहे.

"मामा, हे पैसे माझ्या कमाईचे नाहीत, बाबांचे आहेत. आईच्या नावे मुदत ठेव करून टाकू का? तुम्ही इतकी वर्षे बँकेत होतात."

खरे सांगतो, एकुलत्या एका भाच्याचे मन मोडवत नव्हते. क्षणभर मीही वाट शोधू लागलो. मग काउंटरपलीकडे उभ्या राहिलेल्या अनेक स्त्रिया आठवल्या. पतीच्या ठेवी किती, हे त्यांना ठाऊकच नसे.

मी त्याला समजावले. आपल्या जैन समाजालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू आहे. कलम २५ नुसार कायम पोटगी ठरविताना न्यायालय दोन्ही पक्षांचे उत्पन्न तर पाहतेच, शिवाय इतर मालमत्ताही पाहते. वारशाने आलेली रक्कम हाती पडली की ती आपलीच मालमत्ता ठरते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र बंधनकारक केले. त्यात ठेवी व गुंतवणुकी लिहाव्या लागतात. विवाहकाळात मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली असल्यास तेही सांगावे लागते.

"म्हणजे सगळे तिलाच जाणार?"

तसे नव्हे. दहा लाख म्हणजे मासिक वेतन नव्हे. सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सत्तर हजार व्याज येईल. ते मात्र उत्पन्न. मुद्दलाला किती वजन द्यायचे, हे न्यायालय ठरवील. तुझ्यावर अवलंबून असलेली आई, तुझे कर्ज, तिचे स्वतःचे उत्पन्न, हे सारे त्याच तराजूत पडेल. तिला वारसा मिळाला, तर तिनेही तो लिहायचा आहे.

इतका वेळ गप्प बसलेली ताई म्हणाली, "ह्यांनी दुकानात कधी कच्ची वही ठेवली नाही. त्यांच्या पैशाची तू ठेवू नकोस."

भाच्याने शपथपत्रात ती रक्कम लिहिली. निकाल अजून लागायचा आहे. पोटगी कदाचित थोडी वाढेलही; पण उलटतपासणीत त्याला मान खाली घालावी लागणार नाही.