डावीकडे झुकलेली गाडी

मुक्तागिरीच्या यात्रेला जाणाऱ्यांना परतवाडा परिचित आहे. तेथून धारणीकडे निघालेला रस्ता घटांगचा घाट चढून मेळघाटच्या अरण्यात शिरतो आणि सुमारे पन्नास किलोमीटरांवर, सिपना नदीच्या काठी, सेमाडोहला पोचतो. व्याघ्र प्रकल्प १९७३ साली सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. वाघ पाहण्यासाठी येणाऱ्यांना हा रस्ता रम्य वाटतो. मीठ, तेल, साखर, डाळ घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या चालकाला मात्र तो निराळाच दिसतो: वळणावळणाचा आणि ठिकठिकाणी अरुंद. समोरून ट्रक आला की डावी चाके डांबरावरून खाली उतरवावी लागतात.

परतवाड्याच्या एका किराणा व्यापाऱ्यांची गाडी सात-आठ वर्षे या घाटातून ये-जा करीत होती. एका पावसाळ्यानंतर सेमाडोहच्या दुकानदाराच्या लक्षात आले, की पाठीमागून पाहिले असता तिचा हौदा डावीकडे झुकलेला दिसतो. निरोप शेठजींपर्यंत पोचला आणि निदान तत्काळ झाले: पोती भरणारा मुलगा निष्काळजी आहे. वाटेत आडवे पडून गळालेल्या तेलाच्या दोन डब्यांचे पैसेही त्याच्याच मजुरीतून वळते झाले. ‘शेठजी, पोते म्या मोजूनच भरले,’ एवढेच तो कोरकू तरुण म्हणाला.

संशय अगदीच निराधार नव्हता. प्रत्येकी ५० किलोंची वीस पोती, त्यांतील बारा डावीकडे आणि आठ उजवीकडे पडली, तर दोन बाजूंत २०० किलोंचा फरक पडतो. तेवढ्याने गाडी एका अंगाला बसते. परंतु हे खरे की खोटे, ते ठरवण्याचा उपाय हाताशी होता. गाडी रिकामी करून पाहायची. सकाळी दुकान उघडताच मोकळी पारडी समोर धरून पासंग आहे का, हे पाहण्याची रीत ज्या घरात चालत आली, तेथेही हे कोणाला सुचू नये, याचे नवल वाटते. माणसावर ठपका ठेवायला वेळ लागत नाही. गाडी रिकामी करायला अर्धा तास लागतो, कदाचित एवढेच त्याचे कारण असावे.

मधल्या काळात चालकाने स्वतःचा तोडगा काढला. दोन पोती जास्तीची उजवीकडे. हौदा सरळ दिसू लागला आणि तक्रार थांबली. पण हलक्या पारड्याला खडा बांधण्यासारखाच हा प्रकार होता. आता उजव्या बाजूच्या धडधाकट पाट्यांवर नको तेवढा भार येऊ लागला आणि डावीकडचा दोष झाकला गेला तो वेगळाच.

अखेर गाडी गॅरेजमध्ये गेली ती दुसऱ्याच कामासाठी. तेथील वयस्क मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘शेठजी, पहिले गाडी खाली करा, मंग बोला.’

गाडी मोकळी झाली. सपाट फरशीवर ती उभी करून मिस्त्रींनी चारही टायरांतील हवा प्रमाणात आणली, कारण एका टायरची हवा कमी असली तरी गाडी झुकलेली दिसते. मग त्यांनी टेप घेतला. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. जमिनीपासून नव्हे, म्हणजे टायरच्या झिजेचा प्रश्नच उरत नाही. डाव्या-उजव्यात अर्धा इंच फरक पुष्कळ गाड्यांत असतो, त्याची चिंता करू नये. येथे मागच्या बाजूला तो दोन इंचांहून अधिक भरला. गाडी रिकामी होती आणि तरीही झुकलेली होती.

पुढची बाजूही डावीकडे थोडी खाली होती. अशा वेळी दोष पुढे की मागे, हे नुसत्या नजरेने कळत नाही, कारण चेसिस ताठ असते आणि एका कोपऱ्याचा दोष दुसऱ्या कोपऱ्यात दिसतो. मिस्त्रींनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागच्या आसाच्या बरोबर मधोमध, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावला आणि मागची दोन्ही चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील एवढा आस उचलला. आता मागची बाजू एकाच बिंदूवर तोललेली. गाडी सरळ ठेवणे केवळ पुढच्या पाट्यांच्या हाती. गाडी सरळ झाली. दोष मागे होता.

(पुष्कळ जण अशा वेळी आधी शॉक ॲब्सॉर्बर बदलून मोकळे होतात. तो हेलकावे आवरतो. भार पेलतात पाटे. त्याच्यावरचा खर्च येथे वाया गेला असता.)

यू बोल्ट सोडवून डावा पाट्यांचा संच उतरवला, तेव्हा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटलेला निघाला. ही जागा आवळपट्टीखाली दडलेली असल्याने बाहेरून दिसत नाही. तुटीचा अर्ध्याहून अधिक भाग गंजून तांबूस झाला होता, उरलेली कड चकचकीत होती. म्हणजे तडा पुष्कळ आधी पडला होता, तो हळूहळू वाढत गेला आणि शेवटचा तुकडा अलीकडे सुटला. पोती कशी रचली, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट तेलाचे डबे आडवे पडले ते या झुकण्यामुळेच, कारण उजव्या वळणावर गाडीचे अंग आधीच डावीकडे जाते.

तडा डावीकडेच का पडला, याचे उत्तर रस्त्यावर होते. वाट देताना डांबराच्या कडेवरून धक्का खात उतरतात आणि चढतात ती डावी चाके. त्यात भर होती मालाची. सणासुदीला गाडीत किती माल जात असे, याचा हिशेब शेठजींच्याच वहीत होता. अतिभारारोपण हा शब्द आपल्याकडे बैल आणि हमाल यांच्या संदर्भात उच्चारला जातो; लोखंड तक्रार करीत नाही, म्हणून ते त्यातून वगळले जाते. पण घाटात त्या लोखंडाच्या भरवशावर दोन माणसे बसलेली असतात, आणि सेंटर बोल्टही तुटला असता तर आस जागचा सरकून चाक वळणावर कोठे गेले असते, याची कल्पना करवत नाही.

शेठजींनी वही उघडून दोन डब्यांची रक्कम त्या तरुणाला परत दिली. चालकासमोर, दुकानातच दिली, हे बरे केले.

दुरुस्तीच्या वेळी डावीकडे एक जास्तीचा पाटा घालावा, अशी सूचना चालकाने केली. स्वस्तात काम झाले असते. मिस्त्रींनी ती मानली नाही. एका बाजूला ताजे, कडक पाटे आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षे दबलेले, अशी जोडी केली की गाडी काही दिवसांत उलट्या अंगाला झुकते. दोन्हीकडचे संच बदलले, यू बोल्टही नवे घातले. पुन्हा टेप लावला. फरक पाव इंचाचा राहिला. तरी पहिली भरलेली खेप सेमाडोहला जाऊन आल्यावर गाडी परत आणावी, असे त्यांनी बजावले, कारण नवे पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट सैल पडतात. गाडी आली, तेव्हा नट थोडे थोडे फिरले.