रानपिंगळ्यासमोरचा कॅमेरा

मेळघाटातल्या रानपिंगळ्याचा देखणा फोटो पाहिला की पहिली चौकशी लेन्सची होते. मला मात्र आधी फोटो काढणाऱ्याची नजर आठवते. १८८४ नंतर हा पक्षी शतकभराहून अधिक काळ खात्रीच्या नोंदींतून गायब होता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला, तो शोधकांना नेमकं काय पाहायचं हे ठाऊक असल्यामुळे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं. शिवाय तो भरदिवसाही शिकार करतो. हे माहीत नसेल तर लाखाची लेन्स साध्या पिंगळ्याचाच सुरेख फोटो देईल. अमरावतीचा वडाळी तलाव किंवा अकोल्याजवळचं काटेपूर्णा अभयारण्य यांत घालवलेल्या सकाळी मला म्हणूनच नव्या कॅमेऱ्याहून मोलाच्या वाटतात.

यावर कुणी म्हणेल, नजर कितीही तयार असली तरी सागाच्या गर्द रानात, पहाटेच्या अपुऱ्या उजेडात हातातला साधा मोबाइल काय करणार? आक्षेप रास्त आहे. लांब पल्ल्याची लेन्स तिथे हवीच, आणि माझ्या लेखी तिचं खरं कारण पक्ष्यापासून दूर राहता येणं हे आहे. विणीच्या काळात घरट्याला खेटून उभं राहण्याचं समर्थन कोणतंही कौशल्य करू शकत नाही. पण उपकरण कितीही चांगलं असलं तरी नजर लागतेच. वाघ मोजणाऱ्या कॅमेरा ट्रॅपचं बटण तर कुणीच दाबत नाही. तरी वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात. आणि ती वाट कोणती, हे पगमार्क, म्हणजे पावलांचे ठसे, वाचणारा माणूसच ठरवतो.